तीन हजारांचा पास समृद्धीवर का चालत नाही?

वाचकांचे प्रश्न : महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि टोल

मागच्या अंकात महामार्गांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्मी टोलची, बरीचशी टायरची आणि उरलेली संकीर्ण. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

फास्टॅगचा वार्षिक पास घेतला. पुण्याहून कोल्हापूरला जाताना पैसे कापले गेले नाहीत. समृद्धी महामार्गावर मात्र पूर्ण टोल कापला. पास देशभर चालतो ना?
(छत्रपती संभाजीनगर)

पास देशभर चालतो, पण देशातल्या सगळ्या रस्त्यांवर नाही. आपल्याकडचे मोठे रस्ते एका मालकाचे नाहीत, आणि टोलच्या बहुतेक गोंधळांचे मूळ इथेच आहे. राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्ग केंद्राचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू राज्याचे. उत्तर प्रदेशातले यमुना, आग्रा-लखनौ आणि पूर्वांचल एक्स्प्रेसवेही त्या राज्याचे. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला पास केंद्राचा आहे, त्यामुळे तो केंद्राच्याच नाक्यांवर चालतो. रस्ता किती रुंद, किती नवा किंवा किती वेगाचा, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेच्या खुल्या झालेल्या टप्प्यांवर पास चालेल, कारण तो केंद्राचा. मुंबई-पुण्यावर चालणार नाही.

पास सुरू झाला तेव्हा त्याची किंमत ३००० रुपये होती. मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातले जे आधी संपेल ते. तो फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. पिवळ्या पाटीच्या गाडीला मिळत नाही.

‘फेरी’ या शब्दाने बरेच जण फसतात. साध्या नाक्यावर गाडी एकदा ओलांडली की एक फेरी मोजली जाते. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके आहेत. जाताना चार आणि येताना चार, म्हणजे एका जाण्यायेण्यात आठ फेऱ्या संपल्या. २०० फेऱ्यांत हा प्रवास २५ वेळा होईल. ३००० रुपयांच्या हिशेबाने एक नाका १५ रुपयांना पडतो, म्हणून वर्षातून सात-आठ वेळा जाणाऱ्यालाही पास परवडतो. जिथे शिरताना नोंद होते आणि बाहेर पडताना पैसे कापले जातात, तिथे शिरणे आणि बाहेर पडणे मिळून एकच फेरी धरतात.

अडचण येते ती अशी. पास आहे म्हणून लोक फास्टॅगच्या खात्यात पैसेच ठेवत नाहीत, आणि गाडी राज्याच्या रस्त्यावर गेली की नाक्यावर अडकते. समृद्धीचा मोटारीचा दर एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे आहे. ७०१ किलोमीटरचे साधारण १४४५ रुपये होतात, आणि तेवढी शिल्लक खात्यात निघण्याआधी हवी. टॅग चालला नाही तर राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ ला असा नियम आला : रोख भरायचे तर दुप्पट, यूपीआयने भरायचे तर सव्वापट. तेव्हा मोबाइल बाहेर काढा.

आणखी काही बारकावे. टॅग काचेला चिकटवलेला असावा. हातात धरून दाखवायच्या टॅगवर पास मिळत नाही. गाडी नवी असताना काढलेला टॅग फक्त चासी क्रमांकावर नोंदलेला असेल, तर आधी बँकेकडून नोंदणी क्रमांक चढवून घ्या. पास दुसऱ्या गाडीवर फिरवता येत नाही. पासची खरेदी राजमार्गयात्रा ॲपवर किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर नको.

टोलचा आकडा ठरवतात कसा? दर एप्रिलला तो वाढतो कशाच्या आधारावर?
(सातारा, कराड आणि इचलकरंजीच्या वाचकांचा मिळून एक प्रश्न)

राष्ट्रीय महामार्गांसाठी २००८ चे शुल्क नियम आहेत. त्यात २००७-०८ हे पायाभूत वर्ष धरून मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे, हलक्या मालवाहनाला १ रुपया ५ पैसे, बस आणि ट्रकला २ रुपये २० पैसे असे मूळ दर दिले आहेत. दरवर्षी १ एप्रिलला त्यात ३ टक्के ठरलेली वाढ होते आणि घाऊक किंमत निर्देशांक जेवढा वाढला त्याच्या ४० टक्के वाढ आणखी होते. म्हणजे महागाई शून्यावर आली तरी टोल ३ टक्क्यांनी चढतोच. द्रुतगती मार्गाचा दर साध्या महामार्गाच्या सव्वापट असतो.

मग शेजारच्या दोन नाक्यांवर सारख्याच अंतराला वेगळा आकडा का? कारण मोठे पूल, बोगदे आणि उन्नत रस्ते यांची लांबी हिशेबात दहापट धरतात. ६० किलोमीटरच्या टप्प्यात ४ किलोमीटरचे उड्डाणपूल असतील तर ५६ अधिक ४०, असे ९६ किलोमीटर होतात. जुलै २०२५ मध्ये यात सवलत आली : दहापटीने निघालेली लांबी किंवा पूर्ण टप्प्याची पाचपट लांबी, यातली कमी असेल ती धरायची. ‘टोल निम्म्यावर’ अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. आपल्या उदाहरणात मात्र पाचपट म्हणजे ३०० किलोमीटर, आणि ९६ त्याहून कमीच; म्हणजे फरक शून्य. गणित मांडून पाहिले तर टप्प्याचा ४४ टक्क्यांहून जास्त भाग पूल-बोगद्यांचा असेल तरच ही सवलत लागते. घाटात किंवा शहरावरून जाणाऱ्या उन्नत रस्त्यावर ती मिळेल, पण सातारा-कराडच्या सपाट रस्त्यावर तिची वाट पाहू नका.

न विचारता हातून जाणाऱ्या सवलती अशा. २४ तासांत त्याच नाक्यावरून परत आलात तर जाण्यायेण्याचे मिळून दीडपटच लागतात. फास्टॅगने हे आपोआप होते. महिन्याला ५० फेऱ्यांचा पास दोनतृतीयांश दरात मिळतो. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीसाठी स्वस्त मासिक पास आहे. त्यासाठी पत्त्याचा पुरावा आणि गाडीचे आरसी पुस्तक घेऊन नाक्यावरच जावे लागते.

एक्स्प्रेसवेवर टायर फुटतात ते सिमेंटच्या रस्त्यामुळे का? आमचा पंक्चरवाला म्हणतो, लांब जायचे तर हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेवा, नाहीतर नायट्रोजन भरा.
(अमरावती)

पंक्चरवाल्याचा पहिला सल्ला नेमका उलटा आहे आणि त्यानेच टायर फुटतात. म्हणून हे जरा सविस्तर.

टायर तापतो तो मुख्यतः स्वतःच्याच हालचालीने. जमिनीला टेकलेला भाग दबतो, बाजू फुगते, चाक पुढे गेले की पुन्हा सरळ होते. साध्या मोटारीच्या टायरचा परीघ १.९ मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरला हे मिनिटाला जवळजवळ पावणेनऊशे वेळा घडते. १२० ला हजाराच्या वर. लोखंडाची तार वाकवून वाकवून हाताला गरम लागते ना, तसेच. हवा जितकी कमी तितकी बाजू जास्त वाकणार आणि तितकी जास्त उष्णता तयार होणार. ती वाढत गेली की रबर आणि आतल्या तारा-दोऱ्यांचा जोड सुटू लागतो. मग वरचा पट्टा सोलून निघतो किंवा बाजू फाटते. फुटल्याचा आवाज क्षणाचा असतो, बिघाड मात्र तासभर आधी सुरू झालेला असतो.

सिमेंटचा रस्ता दुपारच्या उन्हात काळ्या डांबरापेक्षा कमी तापतो, कारण त्याचा रंग फिका. सिमेंटवर घसरू नये म्हणून आडव्या रेघा ओढलेल्या असतात, त्यामुळे टायरची नक्षी थोडी लवकर झिजते, हे खरे. पण खरा फरक आहे तो सलग वेगाचा. जुन्या रस्त्यावर दर वीस मिनिटांनी गाव, गतिरोधक किंवा ट्रकमागची रांग यायची आणि टायरला निवायला वेळ मिळायचा. द्रुतगती मार्गावर तीन तास काहीच आडवे येत नाही. जो टायर गावच्या रस्त्यावर आणखी वर्षभर निभला असता, त्याचे दुखणे इथे बाहेर येते.

आता करायचे काय. हवा थंड टायरमध्ये मोजा, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी असावी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आतच चाललेली असावी. आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाआत लिहिलेला असतो. तिथे दोन ओळी असतात, कमी वजनाची आणि पूर्ण वजनाची. समजा ३३ आणि ३६ पीएसआय, म्हणजे पंक्चरवाल्याचे ‘पॉइंट’. पाच माणसे आणि डिकीत बॅगा असतील तर ३६ भरा. तासभर धावल्यावर हाच दाब चार-पाच पीएसआयने चढतो. टायर बनवणाऱ्याने तो धरलेलाच असतो. पंपावर गरम टायर मोजून ‘जास्त झालीय, काढून टाक’ असे कधीही म्हणू नका. तिथे ३३ ला आणलेला टायर सकाळी थंड झाल्यावर २८-२९ भरेल, आणि त्याच टायरवर तुम्ही परतीचा प्रवास सुरू कराल.

नायट्रोजनचे म्हणाल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. विकतचा नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू गळतो, एवढाच फायदा. महिन्यातून दोनदा हवा तपासणाऱ्याला त्याची गरज नाही. न तपासणाऱ्याला तो वाचवणार नाही.

टायरच्या बाजूवर लिहिलेले वाचायला शिका. १८५/६५ आर १५ ८८ एच असे असेल तर ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. एस १८०, टी १९०. बदलताना स्वस्तातला म्हणून कमी आकड्याचा टायर घेऊ नका. जवळच चार अंकी छाप असतो : ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी, लांबच्या वेगवान प्रवासाला नको. स्टेपनीचाही छाप पाहा. ती बहुधा गाडीइतकीच म्हातारी असते. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, पण पावसात १.६ चा टायर पाण्यावर तरंगतो, तेव्हा ३ मिलिमीटरवर आला की बदला. खड्ड्यात आपटून बाजूला फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेले आहेत. त्याला दुरुस्ती नाही, टायर टाकून द्या. बाजूच्या पंक्चरचेही तेच. मधल्या भागातल्या पंक्चरला बाहेरून खुपसलेली दोरी ही तात्पुरती सोय आहे. घरी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या.

एवढे करूनही फुटलाच, तर ब्रेकवर पाय मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा. गाडी फुटलेल्या बाजूला ओढेल, ती फक्त सरळ ठेवायची. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि वेग ४०-५० वर आला की हलके ब्रेक लावत डावीकडच्या साइडपट्टीवर घ्या. फुटलेल्या चाकाबरोबर ब्रेकही दाबला तर गाडी फिरते आणि उलटते. टायर फुटल्यानंतरचे पुष्कळ अपघात या दुसऱ्या चुकीने होतात.

समृद्धी ताशी १५० किलोमीटरसाठी बांधला म्हणतात, मग १२० ला दंड का?
(नागपूर)

१५० हा रस्त्याचा आराखड्यातला वेग. वळणांची त्रिज्या, वळणावरचा आडवा उतार आणि पुढचे किती दूर दिसावे, हे त्यावरून ठरवले जाते. चालवायचा वेग वेगळा, कारण त्यात गाडी, टायर, चालक, पाऊस आणि आडवे आलेले जनावर हे सगळे येते. केंद्राने २०१८ मध्ये द्रुतगती मार्गांसाठी ठरवलेली कमाल मर्यादा आठ प्रवाशांपर्यंतच्या मोटारीला १२०, त्याहून मोठ्या प्रवासी वाहनाला १०० आणि मालवाहनाला ८० आहे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला १००. राज्य याहून कमी मर्यादा लावू शकते, म्हणून अखेरचा शब्द फलकाचा. मुंबई-पुण्याच्या घाटात ती बरीच खाली येते. यमुना एक्स्प्रेसवेवर धुक्याच्या दिवसांत मोटारींना ७५ पर्यंत उतरवतात.

गाडी थांबायला किती जागा लागते ते पाहा. दिसणे आणि ब्रेकवर पाय पडणे यात दोन सेकंद धरले, तर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची मोटार ८० ला सुमारे ८० मीटरमध्ये, १०० ला ११० मध्ये आणि १२० ला १४५ मध्ये थांबते. साधा हेडलाइट इतक्या दूरचे दाखवत नाही. रात्री १२० ने जाणारा चालक स्वतःला न दिसणाऱ्या जागेत गाडी घालत असतो.

वेळेचा हिशेब उलट बाजूने करा. ७०१ किलोमीटरला सलग १२० ने पाच तास पन्नास मिनिटे लागतात, १०० ने सात तास. मधे वाचतात सत्तर मिनिटे, आणि हवेचा विरोध मात्र १.४४ पट होतो. तो पेट्रोलच्या काट्यावर दिसतो. या सत्तर मिनिटांतली चाळीस दोन थांब्यांना द्या. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि लक्ष जाते. मागचे पाच किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल तर ती खूण समजा. चहा, गाणी आणि उघडी खिडकी याने झोप जात नाही. थांब्यावर गाडी लावून वीस मिनिटे डोळे मिटले तर जाते.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली तर डिझेल वाचते का?
(खोपोली)

नाही. हल्लीच्या सगळ्या इंजेक्शनच्या इंजिनांत गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होते, कारण चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलला टाकले तर इंजिन बंद पडू नये म्हणून उलट थोडे जळत राहते. कार्ब्युरेटरच्या काळातला समज अजून चालू आहे.

तोट्याची बाजू मोठी आहे. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना साधारण साडेपाचशे मीटर खाली यावे लागते. दीड टनाच्या मोटारीची तेवढी ऊर्जा उष्णतेत बदलली तर २५ लिटर पाण्याला उकळी फुटेल. ३५ टनांच्या भरल्या ट्रकची ६०० लिटरला. गियरमध्ये असाल तर यातला मोठा वाटा इंजिन सोसते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. तो ठराविक तापमानापुढे पकडत नाही आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. एअर ब्रेकच्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते : ब्रेक पुन्हा पुन्हा पंप केला की टाकीतली हवा भरण्यापेक्षा जास्त वेगाने संपते.

गियर उताराच्या आधी उतरवा, मधे नाही. जुना नियम बरोबर आहे : ज्या गियरमध्ये घाट चढाल त्याच्या आसपासच्या गियरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’वर सोडू नका; एल, २ किंवा मॅन्युअल निवडा. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा एकदा नीट दाबून वेग खाली आणा आणि सोडा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक खास सूचना : लोणावळ्यात बॅटरी १०० टक्के भरून लगेच घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज जात नाही, त्यामुळे चाकांनी वीज तयार करून वेग रोखण्याची सोय सुरुवातीला जवळपास बंद असते. ८०-८५ टक्क्यांवर निघा.

जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. हँडब्रेकवर विसंबू नका; गियर टाका आणि चाकामागे दगड लावा.

आमच्या गावाजवळून जाणाऱ्या रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्ग १६१ म्हणतात. हे आकडे कुठून येतात?
(वाशीम)

२०१० मध्ये नवी क्रमांकपद्धत आली. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या महामार्गांना सम आकडे. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. महाराष्ट्रात हे पडताळता येते. सुरत-नागपूर ५३, त्याच्या खाली कल्याण-अहिल्यानगर-नांदेड ६१, त्याच्याही खाली पुणे-सोलापूर-हैदराबाद ६५. आकडा वाचला की आपण किती दक्षिणेला आहोत ते कळते. तसेच श्रीनगर-कन्याकुमारी ४४ नागपुरातून जातो आणि पनवेलहून कोकणात उतरणारा ६६ पार पश्चिमेला.

चोखंदळ वाचक विचारतील : मग धुळे-सोलापूरचा ५२ हा मुंबई-पुण्याच्या ४८ च्या पूर्वेला कसा? दोन्ही रस्ते तिरके आहेत आणि जयपूरला एकमेकांना छेदतात. जयपूरच्या उत्तरेला ५२ पश्चिमेलाच आहे. खाली येताना बाजू बदलते. क्रमांकांचा नियम वरच्या बाजूला जुळतो.

तीन आकडी क्रमांक शाखांचे. शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे, पहिला आकडा शाखेचा अनुक्रम. तुमचा १६१ अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर असा संगारेड्डीकडे जातो. तो ६१ ची शाखा. रत्नागिरी-कोल्हापूर १६६ ही ६६ ची. हडपसरहून सासवड-जेजुरीमार्गे पंढरपूरला जाणारा पालखी मार्ग ९६५, कारण तो ६५ ला जोडलेला. राष्ट्रीय द्रुतगती मार्गांची मोजणी वेगळी आहे : अहमदाबाद-वडोदरा एनई १, दिल्ली-मुंबई एनई ४. समृद्धी राज्याचा असल्याने या यादीत नाही. जुने आकडे ढाब्यांच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी अजून आहेत. ‘एनएच फोर’ म्हणजे आजचा ४८ आणि ‘एनएच सतरा’ म्हणजे ६६.

रात्री गाडी बंद पडली तर नेमके काय करायचे? बायको-मुले आत बसवून ठेवावीत का?
(नाशिक)

आत अजिबात ठेवू नका. उभ्या गाडीवर मागून ट्रक धडकणे हा द्रुतगती मार्गावरचा वाईटातला वाईट अपघात आहे.

गाडीत थोडी गती उरली असतानाच डावीकडे, साइडपट्टीच्या पार कडेला घ्या. चारही इंडिकेटर लावा, आतला दिवाही लावा. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवा आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीच्या पुढे नव्हे तर थोडे मागच्या बाजूला उभे करा; धडक बसलीच तर गाडी पुढे फेकली जाते. लाल त्रिकोण गाडीच्या मागे किमान शंभर मीटरवर ठेवा. शंभर मीटर म्हणजे मोठ्या माणसाची सव्वाशे-दीडशे पावले. तो ठेवायला कठड्याच्या पलीकडून चालत जा, त्रिकोण छातीसमोर धरून, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून. दगड किंवा फांद्या ठेवू नका; जाताना त्या उचलायच्या राहतात आणि पुढच्या गाडीचा घात करतात. उजव्या बाजूचे चाक रस्त्याकडे पाठ करून बदलायचे असेल तर बदलूच नका, क्रेनची वाट पाहा.

फोन राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला. राज्याच्या द्रुतगती मार्गाचा क्रमांक टोलच्या पावतीवर आणि रस्त्यावरच्या फलकांवर असतो, निघतानाच मोबाइलमध्ये घ्या. काहीच आठवले नाही तर ११२. जागा सांगताना ‘ढाब्याच्या पुढे’ असे सांगून उपयोग नाही. जवळच्या दगडावरचा किलोमीटर वाचा, मधे दर २०० मीटरवर लहान दगड असतात तेही पाहा, आणि कोणत्या शहराकडे तोंड आहे ते सांगा : ‘किलोमीटर ४२.६, पुणे लेन’. दुभाजकाच्या चुकीच्या बाजूला गेलेल्या मदतीला वळून यायला पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावे लागते, त्यात अर्धा तास मोडतो.

कोणी जखमी असेल तर पैशांची वाट पाहू नका. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकड न भरता मिळण्याची योजना आहे. मदत करून दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

तीनपदरी मार्गावर मोटारीने कोणत्या लेनमध्ये राहावे?
(ठाणे)

मधल्या. डावी जड वाहनांची, उजवी फक्त ओव्हरटेकची. पुढे गेलात की परत मधे या. ‘मी मर्यादेइतक्याच वेगाने चाललोय’ हे उजव्या लेनमध्ये ठाण मांडण्याचे कारण होत नाही. मागचा मग डावीकडून घुसतो, आणि ते जास्त धोक्याचे. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर ठेवा : पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा, त्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात तर जवळ आहात. पावसात चारपर्यंत मोजा. मुंबई-पुण्यावर २०२४ पासून कॅमेरे लेन मोडल्याचेही चलन काढतात.

मोटारसायकल मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर का चालत नाही? ताशी शंभरची आहे.
(पिंपरी)

दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला तिथे बंदी आहे, इंजिन कितीही मोठे असो. समृद्धीवरही. जुन्या महामार्गाने, म्हणजे ४८ ने, लोणावळ्यावरून जा.

रस्त्याकडेच्या दगडांचे रंग वेगवेगळे का?
(इयत्ता सहावीतल्या वाचकाचा प्रश्न, सांगली)

डोक्यावर पिवळा रंग असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असेल तर शहरातला वा जिल्ह्याचा रस्ता, आणि केशरी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला गावरस्ता. सांगलीहून बाहेर पडताना खिडकीतून बघत राहा. पिवळा कुठे संपतो ते घरच्यांना आधी तूच सांगशील.